लाइन आलेलं गाव

माझी मुलगी मान डोलवायची तेव्हा सगळं घर हसायचं.

दुपारची झोप झाली की सुरू व्हायचं. डोळे उघडायची, क्षणभर छताकडे बघायची, आणि एकदम मान छातीवर, दोन्ही हात फेकल्यासारखे बाहेर. लगेच सैल. मग पुन्हा तेच. पुन्हा. एकामागून एक, आणि सगळं संपलं की रडू. अजून धड बसायलाही न लागलेलं पोर ते. सासूबाई म्हणायच्या, "बघा, हो म्हणतेय! या घरात कुणी कुणाला जन्मात हो म्हटलं नाही, हिनं सगळ्यांची भरपाई केली." नावही त्यांनीच ठेवलं, होयबा. मग शेजारपाजारच्या बायका ती उठायच्या सुमाराला बरोबर हजर. "होयबा, आजी भांडखोर आहे ना गं?" मान खाली. "बाप घोरतो ना गं?" मान खाली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट.

मी तोंडावर हसू ठेवायचे आणि तिच्या हातांकडे बघत राहायचे. हो म्हणणारं माणूस हात असे फेकत नाही. दचकलेलं माणूस फेकतं. आणि रोज, ठरल्यासारखं, झोपेतून उठल्या उठल्या कोण दचकतं?

"काही नाही गं, पोटात वारा धरतो," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोरांनाही व्हायचं."

"असंच व्हायचं?"

"असंच म्हणजे काय, पोरं ती! तुला त्या कॉलेजनं एकच शिकवलं बघ, काळजी कशी करायची."

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. गॅसचं बटण बंद केल्यावर परत जाऊन बघणारी, मुलगी शांत झोपली तर तिच्या नाकाशी बोट धरणारी बाई मी. त्यामुळे माझं कुणी मनावर घेत नसे. लांडगा आला रे म्हणणाऱ्या पोराची गत.

पण आणखी एक गोष्ट होती. ती मी कुणाला सांगत नव्हते, कारण बोलून दाखवली की खरी होईल अशी भीती वाटायची. पूर्वी स्वयंपाकघरात माझ्या हातून चमचा पडला की ती पाळण्यातून मान वळवायची. तिच्या तोंडासमोर तोंड नेलं की दात नसलेलं, लाळेचं, सगळा चेहरा उघडून टाकणारं हसू यायचं. आता चमचा पडला तरी ती छताकडेच बघत असे. हसू यायचं, पण उशिरा, आणि अर्धं.

बाजाराच्या गावी डॉक्टरांकडे नेलं तर तिथे ती गाढ झोपून राहिली. उठली ती शहाण्यासारखी. "बाळ छान आहे," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जरा झोपत जा," आणि पोटाचे थेंब दिले. घरी आल्यावर मी मोबाइल पाळण्याच्या कठड्याला टेकवून ठेवला आणि ती उठली तेव्हाचं सगळं चित्रण केलं. ते घेऊन गेले आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडे.

सिस्टरनं ते दोनदा बघितलं. ती हसली नाही.

"मला यातलं कळत नाही वहिनी," ती म्हणाली. "पण मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर आहेत. गुरुवारी स्क्रीनवर बसतात, आपल्यासारख्या गावांसाठी. त्यांना दाखवू."

"मी थेट घेऊन जाते ना तिला."

"थेट गेलात तर परत पाठवतात. ज्या गावाला लाइन आली त्यांनी आधी स्क्रीनवर दाखवायचं, मग त्या बोलावतील तर जायचं. गर्दी कमी व्हावी म्हणून केलाय हा नियम. आणि तो प्रवास काय थोडा आहे का, गाड्या बदलत बदलत, एवढुशा जिवाला घेऊन?" मग तिनं भिंतीवरच्या काळ्या स्क्रीनकडे बघितलं. "फक्त लाइन सुरू व्हायला हवी."

लाइन म्हणजे इंटरनेटची तार. ब्रॉडबँड हा शब्द पाटीवर, आमच्या तोंडी लाइनच. आणि ती आमच्या गावात कशी आली हे आमच्या घराइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण माझा नवरा तिच्याच कामावर होता.

ठेकेदाराचा सुपरवायझर तो. नियम असा, की तार छातीइतक्या खोल चरात टाकायची, आणि प्रत्येक टप्प्याला मोजपट्टी उभी धरून चराचा फोटो वर पाठवायचा. आमच्या गावाबाहेर आहे नुसता खडक. मशीन नाचतं, दात तुटतात, पुढे सरकत नाही. वरून रोज विचारणा, किती झालं, किती झालं. शेवटी ठेकेदारानं तोड काढली. शाळेमागे जमीन मऊ होती, तिथे एक झकास खोल खड्डा खणला, आणि सगळ्या टप्प्यांचे फोटो त्या एका खड्ड्यात काढले. कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं. मजुरांनी आपसात शर्ट बदलायचे, टोप्या बदलायच्या, म्हणजे दिवस निराळा वाटतो. तार मात्र रस्ता सोडून सरळ माळावरून नेली, वीतभर मातीखालून, कुठे तेवढीही नाही.

नवऱ्यानं हे जेवताना रंगवून सांगितलं होतं. सासूबाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं. "अरे, एवढे फोटो तर तुझ्या लग्नात निघाले नव्हते! त्या खड्ड्याची दृष्ट काढा."

"सगळीकडे असंच करतात गं," तो मला म्हणाला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला.

मग एके दिवशी आरोग्य केंद्रात स्क्रीन लागला. साहेब आले, फीत कापली, टाळ्या झाल्या. स्क्रीनवर दूरच्या डॉक्टर दिसल्या आणि सगळ्या गावानं त्यांना हात केला. एका म्हातारीनं शर्ट वर करून नातवाचं गजकर्ण दाखवलं. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, त्याला जरा जवळ आणा," तर म्हातारी स्क्रीनला चिकटूनच उभी राहिली. सगळं लख्ख दिसत होतं, आवाज तर शेजारच्या खोलीतून यावा तसा. नवरा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा होता. खरं सांगायचं तर मलाही अभिमान वाटला. ज्या गावात मोबाइलची एक काडी मिळवायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, त्या गावात हे.

होयबाचं सुरू झालं तेव्हा लाइन बंद पडून फार दिवस झाले नव्हते.

"आज-उद्या होईल सुरू," नवरा म्हणाला.

तो गुरुवार गेला. सिस्टरनं बटणं दाबून बघितली, स्क्रीनखालच्या डब्यावर लाल दिवा लागला तो लागलाच. मी टाकीवर चढले, ते चित्रण पाठवून बघितलं. गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि मोबाइल तापून बंद झाला. पाठवायचं तरी कुणाला? सिस्टरकडे दवाखान्याच्या चौकशीचा तेवढा एकच नंबर होता, मी त्यावरच पाठवत होते. मग तिथे फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "लाइनची तक्रार आमच्याकडे नाही, ती ऑनलाइन नोंदवायची."

"अहो, काहीतरी करा ना," मी नवऱ्याला म्हटलं. "तुमचीच माणसं आहेत."

"सांगितलंय. सांधेवाला येणार आहे. या आठवड्यात नक्की."

सांधेवाला म्हणजे तुटलेली तार जोडणारा. तारेत केसाएवढी काच असते, ती तो वितळवून जोडतो. त्या भागात तो एकटाच, आणि गावं ढीगभर. मुलांनी त्याचं नाव सांधेदुखी ठेवलं होतं, कारण तोही कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसे.

पुढचा गुरुवारही गेला. मी पिशवी भरली, सासूबाईंनी ती रिकामी केली. "अगं, ते परत पाठवतात म्हणतात ना? मग पोरीला उन्हातान्हाचं फिरवून काय मिळवणार? दोन दिवस कळ काढ. घरचाच माणूस लाइनीवर आहे." नवरा दारात बूट काढत होता. "सुरू होतेय गं," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. बुटांना लाल मुरूम लागलेला होता. रस्त्याच्या कडेला काळी माती आहे. लाल मुरूम फक्त माळावर.

मी ते तेव्हा नुसतं डोक्यात ठेवलं.

त्या आठवड्यात ती हसायची थांबली. कुणी बटण बंद करावं तसं नाही. विहिरीचं पाणी उतरतं तसं. आज बघावं तर काल होतं तेवढं नाही. मी तोंडासमोर तोंड न्यायचे, जीभ बाहेर काढायचे, भुवया उडवायचे, विदूषकाच्या वरताण. ती माझ्यातून पलीकडे बघायची. डोलणं मात्र वाढलं. आता सकाळीही. शेजारच्या बायका यायच्या बंद झाल्या, कारण प्रश्न विचारायला मजा येईना. आणि सासूबाई एकदा भाजी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "ही मला ओळखत नाही का गं आताशी?" मी मुलीचं तोंड पुसलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण होयबा म्हणायच्या थांबल्या.

सांधेवाला आला तो बुधवारी, भर दुपारी. मी मुलीला खांद्यावर टाकून आरोग्य केंद्रात गेले. उद्या गुरुवार. सगळं त्याच्या हातात होतं.

त्यानं डब्यात एक यंत्र जोडलं. ते तारेत उजेड सोडतं आणि उजेड कुठे अडतो ते अंतर सांगतं. यंत्रावर रेघ आली, मध्येच कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली. त्यानं ते अंतर कागदावरच्या नकाशात मोजलं. "सापडलं," तो म्हणाला. "रस्त्याच्या कडेला, मोरीच्या जरा पुढं. तासाभराचं काम." मी त्या परक्या माणसाच्या पाया पडायची बाकी राहिले होते.

मोरीपाशी खणायला सुरुवात झाली. नवरा होताच, आणखी दोन मजूर होते. मी लांब सावलीत उभी. खड्डा गुडघाभर झाला, कमरेएवढा झाला, छातीएवढा झाला. सांधेवाल्यानं स्वतः उतरून हातानं माती चाचपली. मग डोकं वर काढलं.

"सुपरवायझर, इथे तारच नाही."

"असेल की. जरा पुढं बघा," नवरा म्हणाला.

जरा पुढं खणलं. तिथेही नाही.

"ही काय भुताटकी? कागदावर तार, यंत्रात तार, आणि खड्ड्यात उंदीरसुद्धा नाही." सांधेवाला घाम पुसत हसला. "फोटो तर मी स्वतः बघितलेत राव, काय देखणे चर खणलेत तुम्ही."

मजुरांनी माना खाली घातल्या. मी नवऱ्याकडे बघत होते. सगळे खड्ड्यात बघत होते, तो बघत नव्हता. तो बघत होता रस्त्यापलीकडे, माळाकडे. एकदाच, आणि लगेच नजर काढून घेतली. चुलीवरच्या भांड्याला हात लागल्यासारखी.

"तुम्हाला माहीत आहे कुठे आहे ते," मी म्हटलं.

"तू घरी जा. पोरीला ऊन लागेल."

"माहीत आहे ना?"

"घरी जा म्हटलं ना!"

सांधेवाला एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. नवरा माझ्याजवळ आला आणि दबक्या आवाजात बोलला, विनवल्यासारखं. "अगं, नोकरी जाईल. फोटोंखाली सही माझी आहे, ठेकेदार नामानिराळा राहील. मी याला संध्याकाळी एकट्याला गाठतो, गुपचूप जोडून घेतो. उद्या सुरू. आईशपथ."

"हे तुला केव्हापासून माहीत आहे?"

मी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. चारचौघांत तर नाहीच. त्याच्यापेक्षा मलाच ते जास्त ऐकू आलं.

खांद्यावर मुलगी जागी होत होती. तिची पाठ ताठ झालेली मला हाताला लागली, आणि मग माझ्या खांद्यावर तिचं डोकं आपटलं. हात बाहेर. सैल. परत डोकं.

"तार माळावर आहे," मी सांधेवाल्याला ओरडून सांगितलं. "रस्त्यानं टाकलेलीच नाही. माळावरून सरळ टाकलीय, वीतभर मातीत."

माळावर शोधायला काहीच वेळ लागला नाही. एका ठिकाणी ताजा मुरूम ओढलेला होता आणि वर दगड ठेवलेला. दगड उचलला तर खाली लोखंडी मेख ठोकलेली, शेळी बांधायची. मेख तारेच्या बरोबर मधून गेली होती. ज्यानं ठोकली त्याचा काय दोष? वीतभर मातीखाली काय आहे हे शेळीवाल्याला कोण सांगणार? दगड मात्र शेळीवाल्यानं ठेवला नव्हता.

नवरा मेखेकडे बघत उभा राहिला. "मला वाटलं, आधी तारेचा तुकडा आणि जोड झाकायचा डबा मागवून ठेवू, मग..." वाक्य त्यानंच सोडून दिलं.

"आता जोडा," मी सांधेवाल्याला म्हटलं. "भाऊ, तुमच्या पाया पडते, आता तरी जोडा."

तो खाली बसला होता. चेंगरलेली तार त्यानं बोटांत धरली, सोडली. चेहरा पडला होता त्याचा. "वहिनी, मी यात हात घातला तर उद्या मीच सामील ठरेन. कागदावर ही तार इथे नाहीच. नसलेली तार मी जोडू कशी? वर कळवावं लागेल." तो टाकीकडे गेला, वर चढला, बोलून आला. "काम थांबवा म्हणतात. चौकशी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"किती दिवस?"

त्यानं आभाळाकडे बघितलं. मी खरं बोलले होते आणि खरं बोलून लाइन कायमची बंद करून बसले होते.

घरी येऊन मी पिशवी भरली. या वेळी सासूबाई आडव्या आल्या नाहीत. त्यांनी मुलीची टोपी आणून दिली, आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "सांभाळून जा गं," एवढंच म्हणाल्या. पहाटेच्या गाडीत मी बसले तेव्हा नवरा मागच्या दारानं चढला. पाण्याची बाटली घेऊन आला होता. माझ्या शेजारी बसला नाही, मागच्या बाकावर बसला. गाड्या बदलताना पिशवी त्यानं उचलली, मी उचलू दिली.

दवाखान्याच्या खिडकीत चष्मेवाला कारकून होता. त्यानं गावाचं नाव विचारलं, टाइप केलं, आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. नकाशावर आमच्या गावाच्या जागी हिरवा ठिपका.

"तुमच्या गावाला लाइन आहे बाई. तुम्ही स्क्रीनवरून या."

"बंद आहे ती."

"इथे चालू दाखवतंय."

"दाखवू दे. मी तिथे राहते, तुमचा ठिपका राहत नाही."

"माझ्यावर चिडून काय उपयोग? नंबरच निघत नाही हो, तुमचं गाव टाकलं की यंत्र पुढे सरकत नाही." तो चांगला माणूस असावा, खरंच बटणं दाबून दाखवत होता. "मागे रांग आहे बघा."

मागून नवऱ्याचा आवाज आला. "ती लाइन मीच टाकलीय साहेब. खोटी टाकलीय. वीतभर मातीत आहे, तुटलीय, आणि फोटो सगळे एका खड्ड्यातले आहेत. हा ठिपका खोटा आहे." रांगेतले लोक बघायला लागले. एवढं मोठ्यानं तो कधी बोलला नसेल. आणि त्याचा काही म्हणजे काही उपयोग झाला नाही. कारकून म्हणाला, "असेल हो. पण मला इथे हिरवंच दिसतंय."

मग मुलगी उठली.

मी तिला खिडकीच्या दगडी फळीवर, त्या माणसाच्या तोंडासमोर, आडवं ठेवलं. ती छताकडे बघत होती. मान खाली, हात बाहेर. सैल. मान खाली, हात बाहेर. कारकुनाचा हात बटणांवर तसाच राहिला. काही वेळानं तो खुर्ची मागे सारून उठला, बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, "आत या. नंबर राहू दे. आत या तुम्ही."

डॉक्टर त्याच होत्या, स्क्रीनवरच्या. प्रत्यक्षात बुटक्या होत्या, आणि थकलेल्या. त्यांनी मुलीला बघितलं, माझं मोबाइलमधलं चित्रण बघितलं, तेही पुरतं बघितलं नाही.

"हसते का?"

"हो," नवरा म्हणाला.

"हसायची," मी म्हटलं.

"मान धरत होती? वस्तू पकडत होती?"

"पकडायची. आता हातात दिली तरी सोडून देते."

त्यांनी डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायला सांगितला. तो आल्यावर बराच वेळ बघत बसल्या. मग आम्हाला समजावलं. हे झटके आहेत. हो म्हणणं नाही, वारा नाही. दिसायला एवढेसे असतात म्हणून लोक हसतात, पण आत प्रत्येक झटका मेंदूनं शिकलेलं काही ना काही पुसून नेतो. जितक्या लवकर औषध सुरू होईल तितकं वाचतं.

"तुम्ही हे चित्रण इतक्या आधी केलंय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ऐकवेना. "तुम्हाला कळलं होतं. मग थांबलात कशाला?"

"लाइन बंद होती," नवरा म्हणाला.

"लाइन बंद होती. गाडी बंद होती का?"

नियमाचं मी सांगणार होते, पण तो नियम त्यांच्याच दवाखान्याचा, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, तो त्यांना आत्ता आठवला. त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं.

"झटके थांबतील," त्या म्हणाल्या. "बहुतेक थांबतील. गेलंय ते परत येईल का, हे मला आज सांगता येणार नाही. खोटा धीर मी देत नाही."

आम्हाला वॉर्डात खाट मिळाली. मुलीच्या मांडीत पहिलं इंजेक्शन दिलं तेव्हा ती रडली. ते रडणं ऐकून मला बरं वाटलं, कारण ते नेहमीच्या कुठल्याही बाळाचं रडणं होतं. नवऱ्यानं तिचे पाय धरले होते. नंतर तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या मोबाइलला इथे सगळ्या काड्या होत्या. ठेकेदाराचे फोन वाजत होते, तो नुसता बघत होता.

शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची बाई होती. मांडीवर मुलगा, माझ्या मुलीएवढाच. त्यालाही तेच इंजेक्शन.

"तुमचीही डोलते का?" तिनं विचारलं.

"हो."

"आमचा चालू झाला ना, मी तर घाबरूनच गेले. सासू म्हणते भूत लागलं, नवरा म्हणतो गंमत करतो. मी म्हटलं, मरू दे सगळे, दुसऱ्याच दिवशी उठले आणि गाडी धरली." ती हसली. मुलाच्या पोटावर तिनं बोट टेकवलं, आणि तो हसला. तोंड उघडून, लाळ गाळत, सगळ्या चेहऱ्यानं.

"तुम्हाला लाइन नाही का गावात?" मी विचारलं.

"कसली लाइन! आमच्या वस्तीला कोण विचारतंय. धड रस्ता नाही, लाइन कुठली? म्हणून तर असं पोर काखोटीला मारून यावं लागतं." तिनं मुलाचं तोंड पुसलं. "तुमच्याकडे आली का?"

"आली."

"बरंय बाई तुमचं," ती मनापासून म्हणाली. "घरबसल्या डॉक्टर."

नवऱ्यानं ते ऐकलं. रिकामी बाटली उचलून तो पाणी भरायला म्हणून बाहेर गेला, आणि दाराबाहेरच, मला काचेतून दिसत होतं, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी मुलीला दोन्ही हातांवर घेतलं. तिच्या तोंडासमोर तोंड नेलं, भुवया वर केल्या, जीभ बाहेर काढली. शेजारचा मुलगा ते बघून खदखदून हसला. मी परत केलं. परत केलं.